खिळ्यावरच्या चार टोप्या

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही ग्लेनिसने दिली. पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात आहे : "रसेल, जे दिसेल ते लिही. लोकांबद्दल तुला काय वाटतं ते नको." अडतीस वर्षं संसार करूनही बायकोला या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात.

तर जे दिसलं ते. सकाळी दहाला गॅनेट किनाऱ्यावर पोहोचलो. लख्ख ऊन, अंगाला सुखावणारा वारा, ओहोटी अगदी वेळेवर. पुढे साठ किलोमीटर नुसती वाळू आणि शेवटी खडक. बुडाखाली माझी नवीकोरी घरगाडी : ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली, चारही चाकांना इंजिनाचा जोर, आत पलंग, शेगडी, न्हाणी. पुढच्या बुधवारी अ‍ॅडलेडला घरी परत. ग्लेनिस म्हणते मी वाळूत रुतणार. तेवीस वर्षं मी लोकांना ट्रक चालवायला शिकवला आणि ही मला सांगते!

वाळूवर उतरायच्या जागी डेल्मा नित्शके नावाच्या सत्तरीच्या बाईची टपरी आहे. माशांचं आमिष, थंड बिअर आणि न मागता दिलेले सल्ले. भिंतीवर एक फळी, तिच्यावर खिळे. इथली रीत अशी की वाळूसाठी टायरची हवा कमी करताना व्हॉल्वच्या चार टोप्या काढायच्या, तारेत ओवून खिळ्याला अडकवायच्या आणि खाली गाडीचा नंबर लिहायचा. परत आलं की ज्याच्या त्याने काढून न्यायच्या. दुसऱ्याच्या टोप्यांना कोणी हात लावत नाही. रविवारी खिळ्यावर ज्यांच्या टोप्या उरतात त्यांना शोधायला डेल्मा पाणी आणि दोर घेऊन स्वतः निघते. बालवाडीत दप्तरं टांगतात तसा प्रकार.

मी टांगणार नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "समुद्राला तुझं लायसन्स दाखवणार आहेस का रे बाबा? टांग मुकाट्याने." मी आत आहे की बाहेर हे मला ठाऊक असतं, असं सांगून मी कामाला लागलो. पासष्टवरून पंचवीसवर हवा आणली. टोप्या शर्टाच्या खिशात होत्या. चौथ्या चाकाशी वाकलो आणि चारही भुसभुशीत वाळूत गेल्या. अर्धा तास उकरलं, एक मिळेल तर शपथ. टोपीशिवाय व्हॉल्वमध्ये वाळू जाते. फळीच्या सर्वांत वरच्या खिळ्यावर चार पितळी टोप्या हिरव्या पडून लोंबत होत्या, खालचा नंबरही पुसटलेला. कोणी वेंधळा विसरून गेला असणार. बाई आत गिऱ्हाईक पाहत होती. मी त्या काढल्या आणि बसवल्या. माझ्याच असाव्यात अशा बसल्या.

सातव्या किलोमीटरला एक कुटुंब पोटापर्यंत रुतलेलं. टायर टम्म फुगलेले, नवरा फावडं मारतोय, बायको व्हिडिओ काढतेय. दोर लावून टोचन केलं. या किनाऱ्यावरचा एवढा एकच नियम मी मानतो : कोणी टोचन मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि कोणी द्यायला आलं तरी नाही म्हणायचं नाही. नंतर त्या शहाण्याला वीस मिनिटं हवेच्या दाबावर व्याख्यान दिलं. बायकोने त्याचाही व्हिडिओ काढला.

४ फेब्रुवारी, बुधवार

बावन्नाव्या किलोमीटरला वाळूच्या टेकाडाच्या आडोशाला मुक्काम. दोन मोठे मासे मिळाले, एक तळला. शेजारी नेव्हिल नावाचा गळवाला आहे. त्याची गाडी गंजाने एकत्र राहिली आहे आणि तो स्वतः बहुधा बिअरने.

दुपारी गाड्यांतून एकमेकांशी बोलायच्या रेडिओवर डेल्मा. टपरीवरच्या उंच खांबामुळे तिचा आवाज किनाराभर येतो. हसत होती, रडत होती. "टोप्या नाहीत खिळ्यावर! माझी लिओनी आली रे! मी आत होते नि पोर टोप्या घेऊन गेली!"

नेव्हिलने सांगितलं ते असं. लिओनी ही डेल्माची मुलगी. अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर घरगाडी घेऊन आत आली, भरतीची वेळ चुकली. गाडीचा एक नटसुद्धा मिळाला नाही. तेव्हापासून दर रविवारी म्हातारी खडकापर्यंत येते, कारण टोप्या खिळ्यावर आहेत म्हणजे पोरगी अजून आत आहे. आता ती म्हणते या रविवारी गाडी काढणार नाही. पलंगावर नव्या चादरी घातल्यात, घरीच बसून वाट बघणार.

एवढ्या वयाच्या बाईला एवढीही अक्कल नसावी? रेडिओचं बटण हाताशी होतं. दाबलं नाही. काय सांगायचं? ट्रक शिकवणाऱ्या रसेल हॅनिगनच्या खिशातून टोप्या सांडल्या? पुढच्या बुधवारी जाताना गुपचूप अडकवीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पुढचं डावं चाक रिमवर बसलेलं. टोपी गायब. चारही चाकांपाशी वाळूत दोन-दोन ओले खळगे, कोणी गुडघे टेकून बसल्यासारखे. एकेका चाकाशी बसून कोणीतरी टोप्या पाहिल्या होत्या.

नेव्हिलला जाऊन झाडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि बोट दाखवलं. माझ्या गाडीपासून रुंद टायरच्या खुणा थेट पाण्यात गेल्या होत्या. माझ्यासारख्याच गाडीच्या. मी म्हटलं, तुझ्यासारखाच कोणी झिंगलेला असेल. तो सामान बांधू लागला. भरती रोज वर चढतेय, म्हणे, माझ्याबरोबर नीघ. भित्र्यांच्या मागून मी जात नाही. जाताना त्याने विचारलं, "टोप्या टांगल्यास ना?"

हो म्हणालो.

"मग हरकत नाही," म्हणाला, आणि गेला.

पंपाने हवा भरली. अनोळखी माणसाशी खोटं का बोललो कोण जाणे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मागचं डावं चाक. टोपी नाही. पुन्हा तेच खळगे, त्यांत पाणी साचलेलं. समुद्र वीस पावलं लांब आणि वाळू कोरडी, तरी खळग्यांत पाणी.

दुपारी बारा वाजता रेडिओवर बाईचा आवाज आला. तरुण, शांत. "आई, आम्ही आलेलो नाही. कोणी सांगितलं तुला?"

त्याच वेळी त्याच वाहिनीवर डेल्मा आमिषवाल्याशी गप्पा मारत होती. तिला ते ऐकूच येत नव्हतं. बाई पुन्हा म्हणाली, "आई, आम्ही अजून आतच आहोत." डेल्मा हसत होती, चादरींचा रंग सांगत होती.

कोणीतरी टवाळ असणार. तरीही लिहून ठेवतो, कारण ग्लेनिसने जे दिसेल ते लिही म्हटलंय : मी घाबरलो आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी टोपी गेली. पंप चालतो, पण हवा टिकत नाही. एका बाजूने भरावी, दुसरीकडून कोणी सोडावी तसं.

ओहोटी लागताच निघालो. पाण्याजवळची कडक वाळू गाठली की सुटलो, असा हिशोब. तीनशे मीटर गेलो. तिथली वाळू वाळू नव्हती, ओलं पीठ होतं. गाडी रिमपर्यंत गेली. चाकांखाली फळ्या घातल्या, त्याही वाळूने गिळल्या. फावडं मारलं. त्या कुटुंबातला नवरा आठवला, त्याला वीस मिनिटं काय काय ऐकवलं तेही आठवलं.

बटण दाबलं. सगळं सांगितलं. टोप्या मी घेतल्या. मी, रसेल हॅनिगन. माझ्या टांगल्या नाहीत. डेल्मा, ऐकतेस का?

बराच वेळ खरखर. मग त्या बाईचा आवाज —

"आम्ही ऐकलं."

८ फेब्रुवारी, रविवार

आज रविवार. अकरा वर्षं, दर रविवारी, पाणी आणि दोर घेऊन म्हातारी याच वाटेने खडकापर्यंत येत होती. आज येणार नाही. मीच तिला घरी बसवलं.

दुपारपर्यंत टपावर बसून दक्षिणेकडे, टपरीच्या दिशेने पाहत होतो. रिकामी वाळू. पाणी गाडीच्या पायरीला लागलंय.

ग्लेनिस बुधवारपर्यंत काळजी करणार नाही. मग फोन करेल. डेल्मा फळी पाहून सांगेल, नाही बाई, खिळे रिकामे आहेत. आत कोणीच नाही.

चौथी टोपी गेली. मी बघत होतो, तेव्हाच गेली. ओल्या बोटांनी, आटे मोडू नयेत म्हणून हळूहळू —

चालत जाऊ? बावन्न किलोमीटर. टेकाडाकडे दोनदा निघालो. दोन्ही वेळा पाण्यापाशीच —

९ फेब्रुवारी, सोमवार

गाडी आली. भर दुपारी, दिवे लावून. आधी वाटलं डेल्मा. रडलो.

डेल्मा नाही. घरगाडी. जुनी, पांढरी, खालून पाणी निथळतंय. बाई उतरली, केस ओले. मनगटावर तार. तारेत चार टोप्या.

टोचन हवं का, विचारलं. आईने शिकवलेलं असावं, सभ्यपणे विचारलं. मी हो म्हणून गेलो. तोंडातून निघालंच. नाही म्हणायचं नाही ना —

दोर नीट लावला. बरोबर हुकाला. कधी कोणाचं काम बरं म्हटलं नाही, ग्लेनिस, पण तिने बरोबर लावलाय.

म्हणाली, आता आम्हाला कोणी शोधत नाही. तुम्हालाही नाही. मग एकत्रच जाऊ.

ग्लेनिस, त्या फळीवर माझ्या — कशाच्याही असोत, चार टोप्या टांग. डेल्माला सांग की तिची लिओनी —

दोर ताणला. चाकं वाळूतून सुटली. गाडी हलतेय, पण तिच्या गाडीचं तोंड किनाऱ्याकडे नाही, ते —