यजमान गोठतो तेव्हा

सोमवार, ३ जून

आज रुजू झाले. नवी नोकरी म्हणून नवी वही. दुरुस्तीच्या कामात लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर काल काय करून पाहिलं ते आज आठवत नाही आणि माणूस घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो.

जागा छान आहे. दुसरा मजला, मोठ्या खिडक्या, चोवीस टेबलं. इथे दवाखान्यांच्या नोंदी टाइप करायला शिकवतात. टेबलांवर नुसते स्क्रीन आणि कीबोर्ड. खरं यंत्र एकच, मागच्या छोट्या खोलीत लोखंडी मांडणीवर. त्या एका दांडग्या कॉम्प्युटरच्या पोटात चोवीस खोटे कॉम्प्युटर चालतात, टेबलागणिक एक. आमच्या धंद्यात मोठ्याला यजमान म्हणतात आणि आतल्यांना पाहुणे. दुखणं असं की एखादा पाहुणा रीसेट केला, म्हणजे फटकन बंद करून कोरा चालू केला, की यजमानच गोठतो. सगळे स्क्रीन थिजतात. नऊ-दहा सेकंद, मग पुन्हा सुरू. पाहुण्याने कपडे बदलले आणि यजमानाला घेरी आली, असं मी म्हटलं तर मॅडम खळखळून हसल्या. संस्था त्याच चालवतात. बाई मोकळ्या वाटल्या. माझ्या आधीचा दुरुस्तीवाला न सांगताच सोडून गेला म्हणे.

ताईकडेच राहतेय. तिची लेक, आमची चिमणी, याच वर्गात शिकते, सात नंबरच्या टेबलावर. नोकरीची बातमी तिनेच आणली. सकाळी दोघी बरोबर निघालो, तर भावजी म्हणाले, आता मावशी-भाची मिळून संस्था बुडवा.

मंगळवार, ४ जून

दिवसभर एकेक करून पाहिलं. मेमरी कमी पडतेय का? निम्मी रिकामी. पाहुण्यांच्या वाट्याची आणखी कमी केली, फरक नाही. डिस्क ठणठणीत. सगळी सॉफ्टवेअर नवी करून घेतली, फरक नाही. पाहुणा रीतसर बंद करून चालू केला तर काही होत नाही. मान मुरगळल्यासारखा रीसेट केला तरच.

यंत्र स्वतःची नोंद ठेवतं, त्यात त्या दहा सेकंदांची एक ओळही नाही. त्याचं घड्याळसुद्धा तेवढंच मागे पडतं. जणू ती दहा सेकंदं कुणी चाटून नेली.

आणखी एक. रीसेट केलं की खोलीत वास येतो. आठवडाभर पाणी न बदललेल्या फुलदाणीसारखा. मग जातो. खिडकी उघडून ठेवली.

बुधवार, ५ जून

मला सहसा किळस येत नाही. लहानपणी घरची तुंबलेली मोरी मीच हात घालून मोकळी करायचे आणि ताई लांबून ओकाऱ्या काढायची. पण आजचं लिहून ठेवते.

दुपारच्या सुट्टीत यंत्र बंद करून झाकण काढलं. धूळ असेल म्हणून ब्रश घेऊन बसले होते. धुळीचा कणही नव्हता. मेमरीच्या पट्ट्यांवर, त्यांच्या खाचांत, पंख्याच्या पात्यांवर एक करडी-पांढरी साय होती. सकाळी आजाऱ्याच्या जिभेवर असते तशी. कापसाला स्पिरिट लावून पुसली, तर चिकट तार निघाली आणि निघतच राहिली. मधे केस होते. लांब, आखूड, काळे, पिकलेले. नखाच्या कापलेल्या कडा होत्या. यंत्र बंद करून अर्धा तास झाला होता, तरी कापूस ऊनऊन लागत होता.

सगळं पिशवीत बांधून फेकलं. हात चार वेळा धुतले. रात्रीचं जेवण ताईने आग्रह करूनही गेलं नाही.

शुक्रवार, ७ जून

मेमरीच्या पट्ट्या नव्या आणल्या. पंखा नवा बसवला. आत आरशासारखं लख्ख केलं. रीसेट करून पाहिलं: सव्वीस सेकंद. आधीपेक्षा जास्त.

झाकण उघडलं. साय परत आली होती. एका रीसेटमध्ये. ओली.

सफाईच्या काकूंना विचारलं. त्या या खोलीत केर काढत नाहीत, दारापर्यंतच येतात. केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाल्या, आधीचा माणूस त्यांच्याकडे चिंध्यांच्या पिशव्या फेकायला द्यायचा. एकदा जिन्यात पिशवी हातात आकसली. मूठ आवळावी तशी. तेव्हापासून त्यांनी घेणं बंद केलं. शेवटच्या दिवशी तो उजवा हात टॉवेलात गुंडाळून खाली उतरला. टॉवेल सुटला तेव्हा काकूंना हात दिसला. बोटांना नखं नव्हती, आणि बोटं पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखी झिजली होती.

काकूंना गोष्टी रंगवून सांगायची सवय असेल. असेल ना?

सोमवार, १० जून

पंधरा नंबरचा पाहुणा अडकला. तिथे चष्मेवाल्या बाई बसतात. वर्गात त्याच वयाने मोठ्या, दोन मुलांच्या आई, सगळ्यांआधी येतात. मी त्यांच्या शेजारी उभी राहून माझ्या लॅपटॉपवरून रीसेट दिलं. त्यांचे हात कीबोर्डवरच होते.

सगळे स्क्रीन थिजले. आणि त्या बाईही.

तोंड उघडं. डोळे उघडे, कोरडे. खालच्या ओठावरून लाळ सुटली, हनुवटीवरून कीबोर्डवर पडली. मी हाक मारली, खांदा हलवला. खांदा गार. त्रेपन्न सेकंद, मी मोजली. मग स्क्रीन सुरू झाला आणि बाई अर्धवट राहिलेला शब्द तिथूनच पुढे टाइप करू लागल्या. कीबोर्ड ओला कसा म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

बाकी कुणी पाहिलं नाही. सगळे आपापल्या थिजलेल्या स्क्रीनला शिव्या घालत होते.

मागच्या खोलीत जाऊन झाकण उघडलं. सायीत एक नवा केस होता. त्याला चष्म्याच्या काडीचा वळसा पडला होता, कानामागच्या केसाला पडतो तसा.

कचऱ्याच्या डब्यात ओकले.

मंगळवार, ११ जून

मॅडमना सांगितलं, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, मग पाणी दिलं. शुक्रवारी परीक्षा आहे, परीक्षक बाहेरून येणार, प्रत्येकाला कोरं मशीन द्यायचं ठरलंय, या सगळ्याची त्यांनी आठवण करून दिली. ताण आलाय म्हणाल्या. मी त्यांना खोलीत नेलं. नाकाला रुमाल लावून त्यांनी लांबूनच पाहिलं. ओल आलीय, म्हणाल्या, भिंतीतून.

मी रीसेटचे सगळे अधिकार काढून घेतले. मॅडमचे सोडून. मालकिणीचे काढता येत नाहीत.

बुधवार, १२ जून

सकाळी चिमणीचे हात पाहिले. नखांच्या मुळाशी पांढरी साय. कीबोर्डच्या कळा चिकट लागतात गं मावशी, म्हणाली, रोज गरम पाण्याने धुते पण जात नाही. मी सुईने काढायला गेले तर ओढली गेली, लांब, आणि चिमणीने दुखतंय म्हणून हात मागे घेतला. ती साय तिचीच झालीय. तिच्या कातडीला धरून आहे.

उद्या जाऊ नकोस म्हटलं. रडली. वर्षभराची मेहनत, परवा परीक्षा. ताई चिडली. नोकरी तुला झेपत नाही तर तू सोड, पोरीला का घाबरवतेस? भावजी ताटावरून उठून गेले. कधी नव्हे ते.

यंत्र आजच बंद करायला हवं होतं. मी भांडत बसले.

गुरुवार, १३ जून. सकाळ

साडेनऊला पोचले. मुख्य बटणाने यंत्र बंद केलं. बंद होत नाही. मागची तार उपसली. पंखे फिरतायत. तार माझ्या हातात आहे आणि पंखे फिरतायत.

झाकण आपोआप वर आलंय. आतून फुगलंय. कणीक फुगावी तसं.

चिमणी बाहेर येऊन बसलीय. माझ्याआधीच निघाली होती घरून. मॅडमना सांगितलं, सगळ्यांना घरी पाठवा. त्या म्हणाल्या, आज सराव आहे, जरा शांत हो.

सव्वाअकरा

सात नंबर अडकला. मी धावेपर्यंत मॅडमनी त्यांच्या टेबलावरून रीसेट दिलं होतं.

चिमणी गोठलीय. सात मिनिटं झाली. बाकीचे सुरू झाले, ती नाही. तोंड उघडं, जीभ पांढरी. बोटं कळांना चिकटलीयत. सोडवताना कातडी यायला लागली म्हणून थांबले. मॅडम म्हणतात फिट आली, डॉक्टरांना फोन केलाय. ताईला मीच कळवलं. काय सांगितलं ते आठवत नाही—

पावणेबारा

खोलीत आहे. दार लावलंय. डाव्या हाताने लिहितेय, अक्षर कळलं तर बघा.

उजवा हात आत घातला. मनगटापर्यंत. मला वाटलं सगळं ओरबाडून बाहेर काढावं. मऊ आहे. ऊन. आत दातांसारखं काहीतरी आहे पण दात नाहीत, नखं आहेत, खूप, एकमेकांत अडकलेली. त्यांनी बोटं धरली. आणि बाहेरून चिमणीचा आवाज आला. मावशी.

हात ओढून घेतला. आवाज थांबला. दाराच्या काचेतून पाहिलं, पुन्हा थिजलेली.

परत घातला.

मावशी, मला काय झालं होतं?

म्हणजे असं आहे. त्याला कुणीतरी एक हवं. ती नाहीतर मी.

—

चिमणी दाराशी आली होती. तिला म्हटलं, आत येऊ नकोस, काकूंना घे आणि जिन्याखालचा इमारतीच्या विजेचा मोठा खटका पाड, टेबलांवरचे स्क्रीन तरी बंद होतील. ऐकलं तिने. बोटं मोकळी आहेत तिची. रक्त आलंय पण मोकळी आहेत. पळाली.

कोपरापर्यंत आलंय. दुखत नाही, तेच घाण वाटतं. चोखतंय. वासराने बोट चोखावं तसं, प्रेमाने. करडी तार खांद्यावर चढतेय. तोंडात चव आली त्याची. जुनं पाणी. थुंकले, तर थुंकीत केस. माझे नाहीत—

दिवे अजून चालू. चिमणी, लवकर.

ताई, तिला रागावू नकोस. पोरगी शहाणी—

बाहेर मॅडमचा आवाज. मुलगी बरी झाली, देवाची कृपा, असं काहीतरी. खुर्च्या सरकतायत. सराव पुन्हा सुरू—

नाही. मॅडम, नाही. ओरडले. आवाज फुटत नाही, जिभेवर साय—

कुणीतरी म्हणतंय, मॅडम, माझा स्क्रीन अडकला. मॅडम म्हणतायत, थांब हं, देते रीस