पळसदेवातला चौथा शब्द

अहो,

भाकरी फडक्याखाली टोपलीत हायत, कोरड्यास चुलीवर हाय. इंदापूरच्या बाजाराची वांगी वल्या पोत्याखाली झाकलीत, ती पहाटं न्या. वासराला पाणी पाजलंय.

गेणूदादा गाडी घेऊन आलाय, त्याच्यासंगं मी पळसदेवला आईकडं चाललेय. कुणी इचारलं तर आईला बरं न्हाय म्हणा. आई ठणठणीत हाय, ते तुमाला ठावं हाय. पर पंचमीपासनं तुमी माझ्याशी बोलला न्हाय. पाठ करून जेवता.

लगीन झाल्यावर तुमी मला अक्षरं शिकवली, ती माझ्या गावाच्या नावावरनं. ‘पळसदेव’ लिवायचं आन् त्यातलीच अक्षरं मागं-फुडं करून जेवढे निघतील तेवढे शब्द काढायचे. मी ‘पळस’ काढला, ‘देव’ काढला, ‘पळ’ काढला. तुमी म्हणाला, आणिक एक हाय, बघ. मला काय तो घावला न्हाय, आन् तुमी हसत बसला. तसं हसलेलं बघून लई दिस झालं.

आत्ता गाडीत बोचकं ठेवताना तो घावला, म्हणून माघारी आत येऊन लिवतेय. गेणूदादा भाईर खोळंबलाय. शेवटलं अक्षर आधी घ्यायचं आन् त्याच्याम्होरं दुसरं.

‘वळ’.

औत बांधाला भिडलं की बैलांना तुमी रोज म्हणता. मला एकदाच म्हणायला या.

छबू