टाकीतला पिवळा धूर

२ सप्टेंबर, शनिवार
शेवटचा तास प्रश्नांचा. नियम माझाच: पुस्तकातलं विचारायचं नाही, घरातलं विचारायचं. आज – हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल का होतो? तांब्याची कळशी चिंचेनं का उजळते? मागच्या बाकावरून, "मॅडम, दारू पेटते, मग बियर का पेटत नाही?" घरी कोणी पेटवून पाहिली, विचारलं तर नुसता हशा. अकरावी सायन्स आणि हे धंदे. पण आठवड्यातला हाच एक तास मला आवडतो.
पाऊस नाही. पारनेरहून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका वाळते आहे.

९ सप्टें., शनि.
आला एकदाचा. चांगला बदाबदा. वैष्णवी, दुसरा बाक: "युरिया फोकताना ओल्या हाताला गार का लागतो?" झकास प्रश्न. विरघळताना उष्णता ओढून घेतो, वगैरे फळ्यावर. कुठे पाहिलंस? "तात्यांनी फोकला काल. मका लई पिवळी पडली हुती. पाऊस आला म्हनून दुप्पट टाकला." तात्या म्हणजे तिचे वडील. गाई, दूध, डेअरी.
दुप्पट कशाला, म्हटलं. ती हसली. तात्यांना कोण सांगणार.

१३ सप्टें., बुध.
प्रॅ.ला आणखी एक ब्युरेट फुटली. फोडणाऱ्याचं नाव कोणालाच माहीत नाही, नेहमीप्रमाणे.
वै. सांगत होती: मक्याला कणीस धरलं नाही, म्हणून हिरवीच कापून मुरघास घालणार, म्हणजे दाबून, झाकून आंबवलेला चारा. तात्यांची अक्कल अशी की बंद पडलेली गोबरगॅसची टाकी साफ केली. "आयता खड्डा हाय मॅडम, वीटबांधणीचा." पोळा झाला की सावडीची माणसं येणार, एकमेकांच्या कामाला आळीपाळीनं जाणारी. चारा बारीक करणारं कुट्टी मशीन घरोघर फिरतं, त्यामुळे निम्मी टाकी आत्ता, उरलेली परत मशीन येईल तेव्हा. आपल्याकडे सगळे असंच करतात. पण उताराच्या उघड्या चरात. विहिरीसारख्या गोल टाकीत नाही.
काहीतरी खटकलं. काय ते हाती लागेना.

१६ सप्टें., शनि.
आज प्रश्नांच्या तासाला वै.: "मॅडम, रंग असलेले वायू कोन्ते?" क्लोरीन, म्हटलं, पोपटी. ब्रोमीनची वाफ. आणि नायट्रोजन डायऑक्साइड, पिवळट तांबूस, हवेपेक्षा जड, तळाला बसून राहतो. पाण्यात विरघळतो आणि ॲसिड होतं. मी लिहीत होते, पाठ तिच्याकडे.
"आमच्या टाकीत तसलाच हाय. काल निम्मी भरली, आज सकाळी पाहिला. ब्लीचिंग पावडरीवानी वास. आत दोन साळुंक्या मरून पडल्या हायेत."
खडू तसाच ठेवला. उपाशी मका, वर दुप्पट युरिया, वर पाऊस, वर विहिरीसारखी खोल टाकी. पिकात साठलेलं नायट्रेट आंबताना हाच वायू सोडतं. माझ्याच विषयातलं, आणि बुधवारी मला सुचलं नव्हतं.
तात्या फोन उचलेनात. वै. म्हणाली, "मशीन परत आलंय. कुट्टी तुडवायला उतरले असतील. नारळ फोडून घरधनी आधी उतरतो." स्कूटीवर मागे बसवून निघाले.
पोचलो तेव्हा तात्या टाकीच्या कठड्यावर बसलेले, डोळे लाल, खोकत होते. पाय ठेवला आणि घसा आवळला म्हणून लगेच वर आले, एवढंच. मला पाहून हसले. "या मॅडम. तुमच्या प्रयोगशाळेचा वास आमच्या घरी आलाय बगा." माणसं हसली. मी नाही. कोणी उतरायचं नाही, म्हणून ओरडलेच. बायामाणसांसमोर, मास्तरीणबाईसारखी. टाकीभोवती काटेरी फांद्या लावून घेतल्या.
दवाखान्यात चला म्हटलं. "आता कशाला? मोकळा झाला की घसा. गाईंच्या धारा कोन काढील?"
संध्याकाळी खोकला थांबल्याचा वै.चा फोन. सुटलो, असं वाटलं.

१७ सप्टें., रवि.
सुटलो नाही. नगरला मावसभाऊ डॉक्टर आहे, त्याला विचारलं. त्यानं नेमका दिवस दोनदा विचारला, ते मला आवडलं नाही. म्हणाला, "हा वायू फसवतो. फुप्फुसातल्या ओलीत विरघळून बसतो. माणूस बरा होतो, कामाला लागतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी फुप्फुस परत धरतं. सगळ्यांचं नाही. पण आत्ताच दाखवायला हवं."
तात्यांना फोन. "व्हय व्हय, गनपती बसले की येतो."

२१ सप्टें., गुरु.
तात्या स्वतः कॉलेजवर. गाय व्याली, माझ्यासाठी खरवसाचा डबा. गडी ठणठणीत. शिपायासमोर छाती ठोकून दाखवली. "न्हाई ना काय झालं? पुस्तकातलं समदंच खरं नसतं मॅडम."
चिडले. दवाखान्याचं काय? "बरं वाटत असताना डाक्टरला काय दाखवू, मिशा?" मला हसू आलं, त्याचाच राग आला.
खरवस घरी सगळ्यांनी खाल्ला. माझा वाटा मी शेजारी दिला.

३० सप्टें., शनि.
विसर्जन झालं. वर्गात प्रश्न रंगांचे, गुलाल कशाचा करतात. वै.नं हात वर केला नाही. तास संपल्यावर मीच गाठलं. "बरे हायेत. जरा दम लागतो म्हनत्यात, वैरन उचलताना. नाचले ना मिरवणुकीत, त्यानं."
उद्या जाऊन स्वतः दवाखान्यात घेऊन जाणार.

२ ऑक्टो., सोम.
काल गेले होते. ते मळ्यात. "मंगळवारी नक्की," वै.ची आई म्हणाली. मंगळवारी माझी परीक्षा-ड्युटी. भीती वाटते. कोणाला सांगू, ज्याला सांगते तो म्हणतो, माणूस चांगला हिंडतोय.

७ ऑक्टो., शनि.
आज प्रश्नांचा तास झाला नाही. वै. दारातच उभी. "तात्यांना आडवं झोपता येईना. बसूनच ऱ्हातात. ताप हाय. मंगळवारी दवाखान्यात गेलेच न्हाईत."
गाडी केली, नगर. वाटेत ते मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्रयोगशाळेचा..." पुढचं निघेना. हातानं खूण केली, मग सांगतो.
डॉक्टरांना मीच सांगितलं: कोणता वायू, कसा झाला, कधी. आत नेलं.
बाकावर वै. माझ्या शेजारी. मग म्हणाली, "मॅडम, तुमी म्हनला हुता तो पान्यात इरघळतो. इरघळलेला माघारी कसा काढायचा?"
सतरा वर्षं शिकवते. म्हटलं, पुढच्या शनिवारी सांगते.