अंगणाच्या चित्रात तू नाहीस

इस्तंबूल, ३ मार्च

चि. मुनिरेस, तुझ्या थोरल्या बहिणीचे, सादेत आब्लाचे उदंड आशीर्वाद. वि. वि.

आधी आली ती गुल्फेम, पुराणवस्तू खात्याची पोरगी. मागून आल्पेर, गवत कापायच्या गाडीसारखं काहीतरी ढकलत. ती अंगणावरून फिरवली की न खणता खालचं दिसतं म्हणे! शेजारच्या नेरिमाननं कुंपणावरून विचारलंच, माझ्या नवऱ्यावरून फिरवली तर त्याच्या मनातलं कळेल का.

भूकंपाच्या भीतीनं आपलं घर पाडणार, हे तुला ठाऊकच आहे. नवी इमारत उठण्याआधी जमीन तपासतात. तर सापडली की विटांची जुनी पाण्याची टाकी! तेवढंच खणलं, तीन पायांचं यंत्र मांडलं, मला आत बसवलं आणि सगळं अंगण टिपलं. मागच्या गल्लीत खणायला आलेले आठवतात? दोऱ्या बांधून, एकेक दगड पेन्सिलीनं काढत उन्हाळाभर बसले होते. एक जण तर नेरिमानच्या मावशीशी लग्न करून इथलाच झाला. ही पोरं दुपारीच मोकळी! त्यांच्यासाठी केलेला भरल्या मिरच्यांचा डोलमा अर्धा तसाच राहिला. निघाली तेव्हा रीतीप्रमाणे मागे घागरभर पाणी ओतलं, पाण्यासारखी परत या म्हणून.

चित्र तुझ्या नातीच्या फोनवर पाठवायला लावलंय. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सादेत

कोलोन, १९ मार्च

सादेत आब्ला, तुझा हात ओठांना नि कपाळाला लावते. सा. न.

डोलमा उरला म्हणजे मीठ जास्त पडलं असणार, तुझी जुनी खोड!

चित्र पाहिलं. बोट फिरवलं की अंगण फिरतं. तुतीचं खोड दिसलं, दोरीवरच्या मिरच्या दिसल्या, दाराशी तुझ्या चपला. तू आतच असशील म्हणून दार ढकलायला गेले, तर बोट काचेवर. आब्ला, तू कुठेच नाहीस. नात म्हणते, त्या यंत्राला माणसं मध्ये नको असतात. मला माणूसच हवंय गं. डॉक्टर विमानात बसू देत नाही, आणि घर तर आता जाणार. त्या अंगणात तुला एकदा बघू दे. त्यांना सांग ना.

लोभ आहे, म्हणूनच हट्ट करते.

मुनिरे

इस्तंबूल, २ एप्रिल

चि. मुनिरेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

अगं, ते ओतलेलं पाणी उतारावरून थेट खड्ड्यात गेलं आणि कड ढासळली! आता जमीन एक नि चित्र एक. सगळं पुन्हा टिपायचं. आल्पेर फोनवर म्हणाला, मावशी, इतक्या आग्रहानं आम्हाला कुणी परत बोलावलं नव्हतं. मी लाजले, पण आतून खूशच.

मग गुल्फेमला तुझं पत्र वाचून दाखवलं. खात्याच्या चित्रात माणूस चालत नाही, म्हणाली. मग म्हणाली, एकदा खात्यासाठी टिपू, एकदा मुनिरे मावशीसाठी. पण हलायचं नाही, हललेलं माणूस धुरासारखं उमटतं. नेरिमान हसत सुटली, सादेत आणि गप्प बसणार! मी सराव चालवलाय. निळा रुमाल बांधीन, अंगणातल्या बाकाच्या एका कडेला बसेन. दुसरी कड तुझी. तिथे कुणाला बसू देणार नाही.

माझी माया तुझ्याकडेच आहे, सांभाळ.

तुझी सादेत

ता. क. ती दोघं बुधवारी येतो म्हणालीत.