हुरड्याला या

९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी पोचलो. बारामतीहून इंदापूर आणि तिथून नरसिंहपूरच्या रस्त्यानं. हॉटेल फोटोत होतं त्यापेक्षा चांगलं निघालं. चहूकडे ऊस, मध्ये ज्वारीचा हिरवा तुकडा आणि त्याच्या कडेनं विटांच्या खोल्या. आमच्या दारातून नदी दिसते. मालक युवराज तरुण आहे. बॅगा त्यानंच उचलल्या, आणि यंदा हुरडा कसा लोण्यासारखा आलाय ते खोलीपर्यंत सांगत राहिला.

माझे वडील, आबा, जाऊन महिना होऊन गेला. यंदा आम्हाला संक्रांत नाही. घरात मी नुसती भिंतीकडे बघत बसेन म्हणून अविराजनं हे सगळं परस्पर ठरवलं. मी डेअरीत दुधाच्या तपासणीला आहे. माझी रजासुद्धा त्यानंच साहेबांना फोन करून मागितली. नवऱ्यानं असं केलं की एरवी मला राग येतो. आज आला नाही. उलट बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

संध्याकाळी आगटीपाशी बसलो. सिंधुबाई म्हणून साठीच्या बाई निखाऱ्यावर कणसं भाजून हातावर चोळून देतात आणि फुंकर मारून कोंडा उडवतात. अविराजला ते चालेना. तो कुणाच्या उष्ट्या चमच्यालाही हात लावत नाही. तुम्ही फुंकू नका म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "मग कोंडा उडवाया इमान आणू व्हय, दादा?" सगळे हसले. मीही हसले.

आबांचा हुरड्यावर फार जीव. शेवटी शेवटी तोंडात दात नव्हते आणि कवळी त्यांनी कधी लावली नाही. हिरड्यांनी दाणे दाबून दूध चोखायचे, उरलेल्या चोथ्याची गोळी करायचे आणि ताटाच्या कडेला ओळीनं लावायचे. त्यांच्या अंगठ्याचं नख कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडून दुभंगलं होतं. प्रत्येक गोळीवर त्याची रेघ उठायची. अविराज तेवढ्या वेळात उठून अंगणात जायचा.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी नरसिंहाचं दर्शन घेऊन संगमावर उतरलो. आबांच्या अस्थी इथंच सोडल्या होत्या. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. भावकीतले सगळे म्हणाले, म्हातारा सुखानं गेला, मागं कसली इच्छा ठेवली नाही. मला त्याचाच आधार आहे.

मी पाण्याकडे बघत उभी राहिले ते हलेचना. अविराजला काय करावं सुचेना. शेवटी त्यानं पाण्याला हात जोडले आणि मोठ्यानं हाक मारली, "आबा, हुरडा आलाय, या की! वाट बघतो." त्यांच्या पंक्तीला तो कधी बसला नाही, ते त्याला लागलं असावं. मला हसू आलं आणि मग रडू. त्यानंतर फार हलकं वाटलं.

दुपारी जेवायला बसलो तर अविराजच्या ताटाच्या कडेला एक गोळी होती. त्याला वाटलं कणीक चिकटलीय. बोटानं काढायला गेला आणि ती बोटाला चिकटली. ओली होती. तो भयंकर चिडला. युवराजनं दहादा माफी मागून ताट बदललं.

ताट नेताना मी गोळी बघितली. तिच्यावर रेघ होती.

११ जानेवारी, रविवार

सकाळी न्हाणीघरात पाणी तुंबलं. अविराजनं मोरीची जाळी उचलली. खाली ओंजळभर चोथा, हिरवट राखाडी, त्यात पांढरे आखूड केस आणि वर साय धरल्यासारखा थर. नासलेलं दूध माझ्या रोजच्या कामातलं आहे. झाकण उघडलं की कुठला कॅन गेलाय ते मी वासावरून सांगते. हा वास तसाच होता, त्यात नदीचा गाळ मिसळलेला. पण नासलेलं दूध गार असतं. हे गरम होतं. आत्ताच कुणाच्या तोंडातून निघाल्यासारखं.

अविराज ओकला. युवराजनं दुसरी खोली दिली. तिथं मी चादर झटकली, तर अविराजच्या उशीखाली गोळ्या. ओळीनं.

दिवसभर त्यानं काही खाल्लं नाही. दुपारी झोपला तेव्हा त्याचा जबडा हलत होता.

संध्याकाळी आगटीपाशी तो आपणहून गेला. सिंधुबाईंनी हात पुढे केला आणि त्यानं ताट न घेता त्यांच्या तळहातावरचे दाणे तोंडानं उचलले. मग तळहात चाटला. बाईंनी हात मागं ओढला. पलीकडच्या टेबलावरची माणसं उठून गेली. तो दाणे चावत नव्हता, दाबत होता. हनुवटीवरून पांढरं दूध गळ्यात चाललं होतं. मग अंगठ्यानं गोळी दाबून —

मला त्याच्या शेजारी बसवेना. मी उठून अंगणात गेले.

१२ जानेवारी, सोमवार

त्याला घरी न्यायला निघाले. तो गाडीत बसत नाही. हुरडा संपला का, एवढंच विचारतो. आवाज त्याचाच आहे. पण विचारतो मला 'बाय' म्हणून. अविराज मला कधी बाय म्हणत नाही.

नाश्त्याला त्यानं तोंडात बोटं घातली, एक दात काढला आणि न बघता ताटाच्या कडेला ठेवला. रक्त आलं नाही. भोकातून दूध आलं.

सिंधुबाईंना सगळं सांगितलं. त्या नरसिंहपूरच्याच. घाटावर काय बोललात, असं त्यांनी विचारलं. सांगितलं तर पदर तोंडाला लावला.

"आवं ताई, घाटावर कुनाला 'या' म्हणत्यात व्हय? तितनं निघताना मान्सं 'येतो'सुदिक म्हणत न्हाईत. म्हातारा गेला हुता की सुखानं. तुमीच आवतान दिलं."

आबांचा दोष नाही, असंही म्हणाल्या. पाहुणा बोलावल्यावर येतोच. आता पोटभर खाऊ घालायचं, आपल्या हातानं. मग उंबऱ्याशी उभं करून 'जा' म्हणायचं. नुसतं 'जा'. ते काही बोलले तरी उत्तर द्यायचं नाही, पाठ फिरवायची. नाही जमलं तर दादांच्या तोंडात एक दात राहायचा न्हाय, आणि मग दादाबी न्हाय.

आमच्या घरी दुकानात जाणाऱ्यालासुद्धा कुणी 'जा' म्हणत नाही. 'जाऊन या' म्हणतात. न्हाणीघरात उभी राहून म्हणून बघितलं. जा. जा. पुढचा शब्द आपोआप तोंडात येतो. तो गिळला.

१३ जानेवारी, मंगळवार

आज भोगी. सकाळीच हुरडा भाजून घेतला. खोलीत आम्ही दोघंच. तिघं.

हातानं भरवलं. माझी बोटं त्याच्या — त्यांच्या — हिरड्यांना लागत होती. मऊ, गरम, बुळबुळीत. चोथा ते माझ्या तळहातावर ठेवत होते. मुठीत धरून ठेवला. बोटांच्या फटीतून गळत होतं. तरी हनुवटी पुसली. आजारपणात पुसायची तशीच. क्षणभर वाटलं, राहू देत —

अविराज. मला अविराज पाहिजे.

उंबऱ्याशी नेलं. मी 'जा' म्हणाले. जमलं.

त्यांनी चौकट धरली, पाय बाहेर टाकला. मी पाठ फिरवत होते. ते वळून म्हणाले, माझ्या दारातून निघताना दर वेळी म्हणायचे तसं, "बरं, येतो गं बाय."

आणि माझ्या तोंडून —

सवयीनं —

"या."

नंतर

अविराज बरा आहे. दात कुठं पडला म्हणून आरशात बघतोय. चहा मागवला, कप दोनदा धुवायला लावला. बॅगा भरतोय. त्याला काही आठवत नाही. देवा, तो बरा आहे.

अंगठा दुखतोय. पेन धरवत नाही. नखावर उभी —

जिभेखाली काहीतरी आहे. थुंकले. पुन्हा आहे. गरम.

अविराज बॅग सोडून माझ्याकडे बघतोय. केव्हाची काय चघळतेस, विचारतोय. मी काही खाल्लेलं ना—