ओल्या पोत्यातला जीव

गुरुजी, तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढे मी केव्हाच निघून आलो. तरी आज एक प्रश्न अडला आणि तुमच्याशिवाय कुणी आठवलं नाही.

चाकूरच्या शाळेत तुम्ही कविताही शिकवायचात आणि विज्ञानही. पेरणीआधी बियाण्याची उगवण बघायला लोक ओल्या पोत्यात दाणे गुंडाळून ठेवतात, तसं तुम्ही वर्गातच करायला लावलंत. ज्वारीला कोंब फुटले तेव्हा विचारलंत, “बी होतं, पाणी होतं, ऊब होती. आता सांगा, जीव कशात होता?” मागून एकजण ओरडला, “पोत्यात, गुरुजी!” तुम्हीही हसलात. मग म्हणालात, “कुणी म्हणतं जीव वरून येऊन कुडीत बसतो. कुणी म्हणतं मातीतच असतो. आमच्या घरी म्हणतात, येगळा असा जीव नसतोच. मेळ बसला की कोंब, मेळ सुटला की न्हाई.” मी विचारलं, “मग पहिलं बी कुठून आलं?” “मला न्हाई माहीत. अन् माहीत असल्यासारखं बोलणाऱ्यापासून लांब ऱ्हा.” मला ते कवितेसारखं वाटलं. अर्थ पुढे लागेल म्हणून नुसतं पाठ करून ठेवलं. माझे दाणे मात्र उगवलेच नाहीत, कारण मी सारखं पोतं उलगडून बघत होतो. ते वाळून गेले. तुम्ही कान धरलात, “जीव आला का बघून राहिला व्हय? येऊ तर दे की, लेका!”

आता मी लातुरात, मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आहे. पलीकडच्या खोलीत माझी बायको. झटका आल्यापासून नाकात नळी, डोळे उघडे, पण बघणं नाही. काल ताप चढला, छाती भरली. दवाखान्यात नेऊन मशीनवर ठेवायचं की घरीच राहू द्यायचं, ते संध्याकाळपर्यंत सांगा, असं डॉक्टर म्हणाले. नांदेडहून मुलगी फोनवर रडते, “आई ऐकून राहिली बाबा, मला कळतंय.” मुलगा दारात येऊन उभा राहतो, “तुम्ही म्हणाल तसं करू. तिला तुमच्याइतकं कोण ओळखतं?” सून चहा ठेवून जाते.

मी सारखी चादर सरकवून तिची छाती हलते का बघतो. शाळेतल्या कविता तिच्या कानाशी म्हणून पाहिल्या. पूर्वी दोन ओळींतच म्हणायची, “पुरे हो, तिकडं भाजी करपली.” आज काही नाही. मेळ बसतो आणि सुटतो, हे मला पटलेलं आहे गुरुजी. पण सुटला, हे तोंडानं म्हणायचं कुणी? नेऊ नका म्हटलं तर मी तिला सोडलं, न्या म्हटलं तर आणखी एक नळी तिच्या घशात घातली. तिसरी वाट या घराला नाही.

विचार करतो म्हणून सांगून मी दार लावून घेतलंय. बाहेर सगळे हळू आवाजात बोलताहेत. विचार काही करत नाही, गुरुजी. मुलानं दार वाजवायच्या आत ती आपली आपण जावी, एवढीच वाट बघून राहिलोय.