आबांचं ‘तुम्ही’

मंगळवार, संध्याकाळ. खरवई

मेंदूत लिम्फोमाची, म्हणजे कॅन्सरची गाठ झाल्यापासून आबा, माझे आजोबा, मला ‘तुम्ही’ म्हणायचे. ‘तुम्ही कोणाकडे आलात?’ त्या ‘तुम्ही’नेच माझी फाटायची. आता केमो संपली, गाठ विरली. आज डॉक्टरबाई म्हणाल्या, कॅन्सर परत येऊ नये म्हणून वयस्कर पेशंटना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं औषध, देऊन बघतोय. चाचणीच आहे, गुण येईलच असं नाही, पटलं तरच हो म्हणा. मी खिडकीबाहेरची घार बघत बसलेलो.

“आजोबा, सोबत कोण आलंय?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“हा? आमचा उडाणटप्पू नातू.” मग माझ्याकडे वळून, “मी हो म्हणतोय रे, पण दर वेळी आणशील ना? का पळशील बारवी धरणावर पोहायला?”

“आणतो ना, आबा.”

गुण येईल का, काय माहीत. पण येताना रिक्षातसुद्धा मला गाढव म्हणाले. एकदाही ‘तुम्ही’ नाही.